खिशातली स्टाफरूम

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप रात्री जागे होतात. घरची जेवणं आटोपलेली असतात, दिवसभरात मागितलेली माहिती कशीबशी पाठवून झालेली असते, आणि मग कुणीतरी विचारतं : तिसरीला हातच्याची वजाबाकी कुणी कशी घेतली? पाच-दहा मिनिटांत उत्तरं येऊ लागतात. एक गुरुजी काड्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो टाकतात. एक बाई वर्गातलाच छोटा व्हिडिओ पाठवतात, त्यात मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, कारण शाळेच्या पडवीत खिचडी शिजते आहे. तिसरा कुणी यूट्यूबची लिंक देतो. चौथा लिहितो की, गठ्ठे आम्हीही केले, पण गठ्ठा सोडल्यावर दहा सुट्या काड्या झाल्या हे मुलांना दिसलं तरी फळ्यावरच्या आकड्याशी ते जुळेना. पुढचा अर्धा तास चर्चा होते ती या चौथ्या निरोपावर.

हे ग्रुप एवढे का चालतात, याचं उत्तर शाळेच्या आकारात आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. वाड्या, वस्त्या, पाडे आणि तांडे यांवर विखुरलेल्या महाराष्ट्रात अशा दोनशिक्षकी शाळा हजारोंनी आहेत. पहिली ते चौथीचे चार वर्ग, माणसं दोन. त्यातला एक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. शहरातल्या शाळेत मधल्या सुट्टीत चहा पिता पिता 'सातवी ब'ला अपूर्णांक का कळत नाहीत यावर दोन शब्द बोलता येतात. पाड्यावरच्या गुरुजींना तेवढंही माणूस नसतं. त्यांची स्टाफरूम खिशात असते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी शाळेत तंत्रज्ञान आलं, त्याची गोष्ट बहुतेक वेळा यंत्रांची म्हणून सांगितली जाते : टॅब आले, प्रोजेक्टर आले, पुस्तकावर क्यूआर कोड आले. खरी गोष्ट मात्र या खिशातल्या स्टाफरूमची आहे. एका शिक्षकाची युक्ती दुसऱ्याच्या वर्गात कशी पोहोचली, वाटेत तिचं काय झालं, कुठे रुजली आणि कुठे नुसती रंगरंगोटी उरली, हे पाहत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जिथे 'माझ्याकडे हे जमलं नाही' असं म्हणायला जागा होती, तिथे यंत्र कामाला आलं. जिथे फक्त यशच दाखवायचं होतं, तिथे ते कपाटात गेलं.

आधी पायपीट होती

शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. 'मराठी शालापत्रक' १८६१ साली सुरू झालं. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांचा त्याच्याशी संबंध होता. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचं 'जीवन शिक्षण' हे मासिक आजही त्या परंपरेशी नातं सांगतं. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झालं, आणि त्याच दशकात तिथले शास्त्रज्ञ जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन गावातल्या शिक्षकांबरोबर विज्ञान कसं शिकवावं याचा शोध घेऊ लागले. हाताशी असलेल्या वस्तूंतून प्रयोग, सोपी मराठी, आणि शिक्षकाच्या अडचणीपासून सुरुवात अशी ती पद्धत होती. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली आणि ती करायची कृती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली केली. मराठी शिक्षकांच्या ग्रुपवर पेन्सिल सेल, चुंबक आणि तांब्याची तार यांची मोटर आजही फिरत असते, ती बहुतेक वेळा या मार्गाने आलेली असते.

सरकारी चौकटीतही भेटीची जागा होती आणि आहे. दहाबारा शाळांचं एक केंद्र, त्याचा एक केंद्रप्रमुख, आणि केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची ठरावीक काळाने होणारी शिक्षण परिषद. एखाद्या शाळेत नमुना पाठ होतो, मग चर्चा, मग जेवण. चर्चा चांगली झाली तर दोन-तीन शाळांत काहीतरी बदलतं. नाही झाली तर परिपत्रकांचं वाचन होतं आणि लोक घरी जातात.

२०१५च्या आसपास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटने, म्हणजे काही केंद्रांच्या एका गटाने, या भेटींना वेगळंच वळण दिलं. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधले शिक्षक ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवत होते : मुलं गटात, जमिनीवर, साहित्य हातात, शिक्षक त्यांच्यात बसलेला. ही बातमी राज्यभर गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक गाड्या करून, पदरमोड करून कुमठ्याला जाऊ लागले. खिशात स्मार्टफोन नुकते आलेले होते. परतताना त्यांत फरशीवर रंगवलेल्या संख्यारेषा, अक्षरांची चक्रं आणि चौकटी भरून आल्या. पुढच्या वर्षभरात राज्यातल्या असंख्य वर्गांच्या फरशा रंगल्या. रंग नेता आला, कारण त्याचा फोटो काढता येतो. मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा शिक्षिका लगेच दुरुस्त न करता पुढचा प्रश्न कोणता विचारते, हे फोटोत येत नाही. ज्यांनी एखादा दिवस वर्गात बसून ते पाहिलं, परत येऊन करून पाहिलं आणि अडलं तेव्हा तिथल्या शिक्षकांना फोन लावला, त्यांच्याकडे फरशीच्या रंगाला अर्थ आला.

हिरवा लॅपटॉप आणि प्लॅस्टिकचं भिंग

संगणक मात्र शाळेत आला तो वरून. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने शिक्षकांना माउस धरायला शिकवलं, पण सरकारी नोकरीत तो अनिवार्य असल्यामुळे त्याच्याशी वेतनवाढीची धास्ती जोडली गेली. शिकलेलं वर्गात वापरायचं कसं, हा प्रश्न प्रमाणपत्राबरोबर सुटला नाही. त्यातच फाँटचा घोळ होता. एका शिक्षकाने सुरेख किंवा श्रीलिपीत टाइप केलेली चाचणी दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसायची. देवाणघेवाण तिथेच थांबायची. युनिकोड आणि मोबाइलवरचा मराठी कीबोर्ड आल्यावर हा अडथळा गेला. आपली चाचणी दुसऱ्याला जशीच्या तशी पाठवता येते, ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट शिक्षकांसाठी मोठी मोकळीक होती.

२००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीवर एक वेगळा प्रयोग झाला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक मोहिमेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा आले ते इथल्या जिल्हा परिषद शाळेत. मुलं ते घरी नेत, फोटो काढत, लिहीत. प्रयोगाचं कौतुक झालं आणि तो पाहायला लोकही आले. पण शेजारच्या शाळेने तो उचलावा तर लॅपटॉप आणायचा कुठून? दुसऱ्या शिक्षकाला आपल्या पैशांत आणि आपल्या छपराखाली करून पाहता येत नाही, ती कल्पना कितीही चांगली असली तरी त्या गावातच राहते.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातला पाष्टेपाडा हा आदिवासी पाडा. तिथले शिक्षक संदीप गुंड यांनी आपली शाळा टॅब आणि सौरऊर्जेच्या आधारे डिजिटल केली, आणि राज्यातली पहिली डिजिटल जिल्हा परिषद शाळा अशी तिची ओळख झाली. फरक पडला तो पुढच्या पायरीमुळे. गुंड यांनी इतर शिक्षकांना हे कसं करायचं ते शिकवायला सुरुवात केली. २२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला, तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाल्या. पैसा आला तो बराचसा लोकवर्गणीतून. गावच्या जत्रेची शिल्लक, नोकरीला मुंबई-पुण्यात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची देणगी, सरपंचांचा शब्द, कधी गुरुजींचा स्वतःचा पगार. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटाही स्वस्त झाला.

या काळातली सगळ्यांत बोलकी वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचं भिंग. काही शे रुपयांना मिळणारी ही चौकट मोबाइलपुढे उभी केली की चित्र मोठं दिसायचं. प्रोजेक्टर परवडत नसलेल्या शाळांत ती वाऱ्यासारखी पसरली. मग ग्रुपवर अनुभव येऊ लागले : समोर बसलेल्या चार-पाच मुलांनाच नीट दिसतं, कडेच्या मुलांना चित्र वाकडं दिसतं, उजेड असला की काहीच नाही. कुणी सुचवलं, खोका काळा करून त्यात बसवा. कुणी म्हणालं, मुलांना गटागटाने आणा, बाकीच्यांना तोवर लेखी काम द्या. शेवटी केबलने मोबाइल थेट टीव्हीला जोडायची युक्ती आली आणि भिंगाचा जमाना संपला. तोवर शेकडो शिक्षकांनी त्यावरून एक मोठा धडा घेतला होता. मुलांना दाखवायचं काय आणि किती वेळ, हे यंत्र विकत घेण्याआधी ठरवावं लागतं.

टीव्ही आल्यावर प्रश्न विजेचा आला. थकलेल्या बिलापायी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. शाळेला बिलासाठी वेगळी तरतूद अपुरी, आणि बिल दरमहा येणारं. म्हणून पेनड्राइव्ह, ओटीजी केबल, बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर आणि घरच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेवलेले व्हिडिओ हा ग्रामीण शिक्षकाचा खरा संच झाला. कोणती केबल कोणत्या टीव्हीला चालते, यावर झालेल्या चर्चा एकत्र केल्या तर एक पुस्तक होईल, आणि ते कुठल्याही प्रशिक्षणातल्या पुस्तिकेपेक्षा उपयोगी ठरेल.

परितेवाडीचा चौकोन

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी निघालेला तो काळा-पांढरा चौकोन. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की कवितेची चाल, धड्याचा व्हिडिओ किंवा सरावाचे प्रश्न समोर येत. हुशारी अशी की, कोडमध्ये फक्त पत्ता असतो. छापील चौकोन तोच ठेवून त्यामागचं साहित्य बदलता येतं. पुस्तक एकदाच छापायचं, शिक्षकाने मात्र दर आठवड्याला नवं काही ठेवायचं.

२०१७मध्ये ही कल्पना राज्याने उचलली आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झालं. पुस्तकातल्या चौकोनाखाली सहा अक्षर-अंकी सांकेतिक शब्दही छापला जाऊ लागला, म्हणजे कॅमेरा बिघडला तरी तो टाइप करून साहित्यापर्यंत पोहोचता यावं. ३ डिसेंबर २०२०ला डिसले गुरुजींना वार्की फाउंडेशनचा दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. एका वाडीवरच्या शिक्षकाची युक्ती राज्याच्या पुस्तकात छापली जाते, असं उदाहरण शिक्षणात विरळाच सापडतं.

पण ती मोठी होताना तिचं रूप बदललं, हेही नोंदवायला हवं. परितेवाडीत कोडमागचं साहित्य कुणासाठी आहे हे शिक्षकाला ठाऊक होतं. समोरचं मूल कुठे अडखळलं ते पाहून उद्याचं साहित्य ठरत होतं. राज्याच्या पुस्तकावरच्या कोडमागे एकच व्हिडिओ असतो, आणि तो चंद्रपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना सारखा. घरी गोंडी, कोरकू, पावरी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला त्यातली प्रमाण मराठी पाठ्यपुस्तकाइतकीच परकी. म्हणूनच मेळघाटात, सातपुड्यात, डहाणू-जव्हारकडे कामावर गेलेल्या काही शिक्षकांनी स्थानिक बोलीतले शब्दसंग्रह, ध्वनिफिती आणि चित्रकार्डं स्वतः तयार केली आणि एकमेकांना दिली. एखाद्या आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेले पाच शब्द पहिलीच्या मुलाला वर्गात बोलतं करतात. राज्याच्या कोडमागे असं साहित्य ठेवणं तंत्रदृष्ट्या अवघड नाही. ते कुणी तयार करायचं आणि त्याला वेळ कुठून द्यायचा, हाच प्रश्न आहे.

चकाकणारी कार्डं

दोन कल्पना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एके काळी ग्रुपवर एका वर्गाचे व्हिडिओ फिरत होते. कार्डावर मोबाइल धरला की पडद्यावर मुलांच्या घोळक्यात हत्ती उभा राहतो, मुलं किंचाळतात, मुख्याध्यापक हसतात. दुसरी होती 'प्लिकर्स'ची. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड, त्यावर वेगळीच नक्षी, चार बाजूंना चार पर्याय. प्रश्न विचारला की मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरतं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणत्या मुलाने कोणता पर्याय निवडला ते पडद्यावर दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उपयोग नाही. वर्गात फोन एकच, मुलं चाळीस.

हत्तीचा व्हिडिओ अफाट पसरला. दोन-चार दिवस मुलांची मजा झाली, आणि त्यात काही गैर नाही. पण त्याखाली कुणी प्रश्न विचारला नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. प्लिकर्सच्या खाली मात्र तक्रारींची रांग लागली. कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेट केली, तर खिडकीच्या उजेडात ती चकाकतात आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. मुलांची बोटं नक्षीवर येतात. रेंज गेली की उत्तरं पोहोचत नाहीत. मग उपाय आले : लॅमिनेशन चकाकी नसलेलं करा, नाहीतर जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. मुलांना कडा धरायला शिकवा. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं कुणीतरी लिहिलं की, निकाल पाहून झाला, पण अठरा मुलांनी तोच चुकीचा पर्याय का निवडला यावर आज तास घेतला. साधन तिथे वर्गाचं झालं. कल्पना किती पसरली यापेक्षा तिच्याखाली किती प्रश्न आले, हे तिच्या उपयोगाचं जास्त भरवशाचं माप आहे.

'शिक्षणाची वारी' या नावाने राज्याने भरवलेल्या प्रदर्शनांतही हेच दिसत असे. शहराशहरांत भरलेल्या या वारीत शिक्षकच आपल्या उपक्रमांचे स्टॉल मांडत आणि शिक्षकच पाहायला येत. समोरासमोर उभं राहिल्यावर बाहेरून आलेले गुरुजी हटकून विचारत : पटसंख्या किती? खर्च कुणी केला? चौथीच्या मुलांना हे करताना पहिलीची मुलं काय करत होती? या तीन प्रश्नांतून पार पडलेली कल्पनाच गावी नेली जाई.

शाळा बंद होती तेव्हा

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि या सगळ्या जाळ्याची परीक्षा झाली. एप्रिलमध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून पाठवायला सुरुवात केली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. शिक्षकांनी रातोरात गूगल फॉर्म करायला, आवाज रेकॉर्ड करायला, ऑनलाइन तास घ्यायला एकमेकांकडून शिकून घेतलं. बरीच वर्षं 'मला मोबाइलमधलं काही कळत नाही' म्हणणाऱ्या निवृत्तीला आलेल्या बाईंनाही त्यांच्या केंद्रातल्या तरुण शिक्षकांनी फोनवरून धीर देत शिकवलं.

तरी भिंत समोर होतीच. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर जातो. रिचार्ज संपलेला असतो. वस्तीवर रेंज नाही. मग शिक्षकांनी ग्रुपवर वेगळंच विचारायला सुरुवात केली : फोन नसलेल्या मुलांसाठी तुम्ही काय करता? सोलापूरच्या नीलमनगरात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मूल दारातून बाहेर पडलं की समोर व्याकरण, पुढच्या वळणावर पाढे. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात दिगंत स्वराज फाउंडेशनच्या 'बोलकी शाळा'ने ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले. मुलं अंगणात, झाडाखाली अंतर ठेवून बसत आणि ऐकत. दोन्ही प्रयोगांची बातमी देशभर गेली आणि कितीतरी गावांत त्यांच्या आवृत्त्या निघाल्या. चुना, रंग आणि भोंगा ही सर्वांत जुनी साधनं होती, पण कोणत्या मुलापर्यंत काय पोहोचतं हे नेमकं ओळखल्यामुळे ती त्या वर्षी सर्वांत आधुनिक ठरली.

त्याच फोनवर दुसरा ग्रुप

शिक्षकाच्या फोनवर आणखी एक ग्रुप असतो. त्यात प्रश्न नसतात, लिंक असतात. 'सोबतची माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी, अतितात्काळ.' २०१५मध्ये विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्यासाठी 'सरल' प्रणाली आली. दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून शिक्षक पहाटे उठून, रेंजसाठी टेकडीवर जाऊन माहिती भरत. त्याच्या जोडीला यूडायस, शालार्थ यांसारख्या ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराची रोजची नोंद, विद्या समीक्षा केंद्रासाठी चॅटबॉटवर हजेरी आणि चाचण्यांचे गुण अशी भर पडत गेली. प्रत्येक नोंदीला तिचं कारण आहे. गणवेश, पुस्तकं, शिष्यवृत्ती नेमक्या मुलाला मिळावी तर माहिती लागणारच. पण दोनशिक्षकी शाळेत ही सगळी कामं त्या दोघांतच वाटली जातात, आणि शिकवण्याच्या वेळातून वजा होतात.

याहून खोल परिणाम सवयीवर होतो. एखादा दिन साजरा केला, रोप लावलं, वाचन घेतलं की फोटो टाकायचा. फोटो आला म्हणजे उपक्रम झाला. फोटोत फलक हवा, मुलं रांगेत हवीत, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे हवीत. हळूहळू पहिल्या ग्रुपवरही हेच सुरू होतं : अभिनंदनाची फुलं, प्रमाणपत्रं, 'माझ्या शाळेची बातमी'. अशा ठिकाणी 'मला जमलं नाही' लिहायला धजावणारा माणूस कमी होत जातो, विशेषतः ग्रुपवर साहेबही असतील तर. कितीतरी शिक्षकांनी साहेब नसलेले, वीस-तीस जणांचे छोटे ग्रुप वेगळे काढले आहेत, त्याचं कारण हेच.

मुलांच्या फोटोंचाही एक प्रश्न आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळायला पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. चुकीचं वाचणाऱ्या, रडणाऱ्या, घाबरून उभ्या राहिलेल्या मुलाचा व्हिडिओ गोड म्हणून राज्यभर फिरतो, तेव्हा त्याच्या आईबापांना कुणी विचारलेलं नसतं. अनुभव सांगायला मुलाचा चेहरा लागत नाही, ही शिस्त शिक्षकांनीच एकमेकांना लावून घ्यायला हवी.

बंद पडलेले दुवे

यंत्रं आणि मंच टिकत नाहीत. अनेक शिक्षकांनी मेहनतीने फ्लॅशमध्ये खेळ आणि चाचण्या बनवल्या होत्या. ३१ डिसेंबर २०२०नंतर फ्लॅश बंद झालं आणि ते सगळं उघडेनासं झालं. ज्या स्काइपवरून वाडीवरच्या मुलांनी परदेशातल्या वर्गांशी गप्पा मारल्या, ते मे २०२५मध्ये बंद झालं. राज्याचं 'मित्रा' ॲप आलं आणि 'दीक्षा' आल्यावर मागे पडलं. लोकवर्गणीतले पहिले टॅब बॅटरी फुगून कपाटात पडले आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपचं तर काय सांगावं? फोन बदलला की तीन वर्षांची चर्चा गेली.

म्हणून साठवणीचा विचार आवश्यक आहे. अहमदाबादच्या आयआयएममधल्या रवी मथाई केंद्राने सरकारी शाळांतल्या शिक्षकांचे नवोपक्रम गोळा करण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. महाराष्ट्रात सोलापूरचं सर फाउंडेशन शिक्षकांच्या नवोपक्रमांना व्यासपीठ देतं. कल्पना कुणाची, कोणत्या शाळेत, हे नावासकट नोंदवलं जाणं याला महत्त्व आहे, कारण फॉरवर्ड होता होता नाव गळून पडतं आणि ज्याने डोकं लढवलं त्यालाच ती कल्पना वर्षभराने 'नवीन' म्हणून परत येते.

आता ग्रुपवर नवा विषय आला आहे, तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा. कविता दिली की तिचा चित्रपट, धडा दिला की वीस प्रश्न, मुलाच्या नावाची गोष्ट आणि चित्र, सगळं मिनिटभरात. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्तांचं सरावसाहित्य तयार करणाऱ्या बाईंसाठी हा मोठा आधार आहे. त्याच वेळी उत्तरसूचीतल्या चुका, चित्रातल्या पाटीवरची न वाचता येणारी अक्षरं आणि मराठीत कुणी कधी बोलत नाही अशी वाक्यंही जशीच्या तशी पुढे ढकलली जात आहेत. 'असर'च्या २०२४च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. या मुलांपैकी आदल्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेली मुलं ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. म्हणजे तंत्र मुलांच्या हातात पोहोचलेलंच आहे. त्यात खरं-खोटं कसं निवडायचं हे शिकवायची वेळ आली आहे, आणि ते शिकवायच्या आधी शिक्षकांनी एकमेकांची चूक मोकळेपणाने दाखवायला हवी.

काय करता येईल

उपाय फार खर्चाचे नाहीत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवायची गरज उरलेली नाही, ती सगळ्यांच्या फोनवर आधीच आलेली असतात. तो वेळ एका शिक्षकाला द्यावा. त्याने या महिन्यात न जमलेला एक पाठ मांडावा आणि बाकीच्यांनी तो कसा घेतला असता ते सांगावं. त्याचा फोटो मागू नये. राज्याच्या व्यासपीठावर प्रत्येक साहित्याखाली 'हे कुठे चाललं नाही' असा रकाना ठेवावा आणि तो भरणाऱ्याला उपक्रम करणाऱ्याइतकंच श्रेय द्यावं. पुरस्काराच्या प्रस्तावात यशाच्या छायाचित्रांबरोबर दुरुस्तीची नोंद मागावी. वर्षातले दोन दिवस प्रत्येक शिक्षकाला दुसऱ्याच्या वर्गात बसायला अधिकृत रजा द्यावी, प्रवासखर्चासह. नोंदींसाठी केंद्रपातळीवर एखादा कारकून नेमला, तर दोन शिक्षकांची शाळा खरोखर दोन शिक्षकांची होईल.

शाळेला दिलेल्या टीव्हीचं आयुष्य पाच-सात वर्षांचं असतं. एका शिक्षकाने दुसऱ्याला 'अठरा मुलं तिथेच का चुकली' हे समजावून दिलं तर ते दोघांच्या निवृत्तीपर्यंत पुरतं. यंत्रांची खरेदी गेली पंधरा वर्षं होत आली आणि पुढेही होईल. तिच्याबरोबर अंदाजपत्रकात शिक्षकांच्या बोलण्याच्या वेळेलाही एक ओळ मिळाली, तरच पुढच्या पंधरा वर्षांतली यंत्रं कपाटाबाहेर राहतील.